जहाजावर आधी माणसं मोजतात

जुळे सोलापुरातल्या एका ताईंनी विचारलं आहे. डिसेंबरात सासू-सासरे, मिस्टर, दोन मुलं आणि त्या स्वतः, अशी सहा माणसं मुंबईहून गोवा-लक्षद्वीपच्या क्रूझला जायचं म्हणतात. आवडलं तर पुढच्या वर्षी परदेशातली एखादी. सासऱ्यांच्या दोन्ही गुडघ्यांत वाट्या बसवलेल्या आहेत. सासूबाईंना रोजची पूजा चुकवायची नाही. सामानात कडक भाकरी आणि शेंगाचटणी येणार हे ठरलेलं. आणि मिस्टरांचं म्हणणं असं, की विमानतळासारखा तपासणीचा ताप तिथंही असेल तर एवढे पैसे घालून डोकेदुखी कशाला विकत घ्यायची?

मी फौजेत सतरा वर्षं काढली, नंतर चौदा वर्षं प्रवासी जहाजांवर सिक्युरिटीत. गँगवेवर, म्हणजे जहाजात चढायच्या शिडीच्या तोंडाशी, उभा राहण्यापासून सुरुवात केली आणि डेप्युटी होऊन उतरलो. आता पुतण्याच्या ट्रॅव्हल ऑफिसात बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बॅगा तोंडी तपासतो. तेव्हा सविस्तरच सांगतो.

आधी मिस्टरांचं. बॅग मशीनमधून, माणूस चौकटीतून, एवढ्या तपासणीला रांग सोडली तर पाच-दहा मिनिटं लागतात. बूट काढा, पट्टा काढा हा प्रकार फारसा नसतो. शंभर मिलिलिटरचा नियम नसतो, शाम्पूची मोठी बाटली खुशाल न्या. सहलीवर परिणाम होतो तो या तपासणीचा नव्हे. तो होतो वेळेच्या बंधनाचा, कागदांचा आणि ऐनवेळी बदलणाऱ्या मार्गाचा. यातल्या पहिल्या दोन गोष्टी एकाच गोष्टीतून येतात, ती म्हणजे मोजणी.

माझे वडील गिरणीत होते. भोंगा झाला की गेटवर पत्र्याचा बिल्ला द्यायचा, पाळी सुटली की परत घ्यायचा. फळ्यावर एखादा बिल्ला उरला तर माणूस आत कुठंतरी आहे, मशीनखाली नाही ना, म्हणून शोध सुरू. जहाजावर नेमकं हेच, फक्त बिल्ल्याच्या जागी कार्ड आलं. पहिल्या दिवशी तुमचा फोटो काढतात आणि तो कार्डाला जोडतात. त्यानंतर प्रत्येक बंदरात उतरताना आणि चढताना कार्ड यंत्राला दाखवलं की 'टिंग' वाजतं आणि गार्डच्या पडद्यावर तुमचा चेहरा येतो. नव्या जहाजांवर कॅमेराच चेहरा ओळखतो, पण मागचं काम तेच. या घडीला जहाजावर किती जीव आहेत, हा आकडा कुठल्याही क्षणी सांगता आला पाहिजे. आग लागली, कुणी पाण्यात पडलं, कुणी चोरून चढलं, बंदरातल्या इमिग्रेशनवाल्यानं यादी मागितली, सगळीकडे पहिला प्रश्न हाच.

हे सगळं आलं कुठून, ते थोडक्यात सांगतो, म्हणजे गार्ड हसत का नाही ते कळेल. ऑक्टोबर १९८५ मध्ये आकिले लाउरो नावाचं इटालियन जहाज इजिप्तजवळ चौघा पॅलेस्टिनी अतिरेक्यांनी ताब्यात घेतलं आणि चाकाच्या खुर्चीतल्या एका अमेरिकन प्रवाशाला मारून समुद्रात टाकलं. ते चौघे समुद्रातून दोर टाकून चढले नव्हते. जिनोव्हाहून तिकीट काढून, प्रवासी म्हणून, शस्त्रं सामानात घालून चढले होते. तेव्हा प्रवाशाचं सामान उघडून बघणं पाहुणचाराला शोभत नाही असं समजत. त्यानंतर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं सूचना काढल्या, पण कायद्याचा दणका बसला तो न्यूयॉर्कच्या २००१ च्या हल्ल्यानंतर. डिसेंबर २००२ मध्ये आयएसपीएस संहिता, म्हणजे जहाजं आणि बंदरांच्या सुरक्षेची नियमावली, मंजूर झाली आणि १ जुलै २००४ पासून जगभर लागू झाली. प्रत्येक प्रवासी जहाजावर एक सिक्युरिटी ऑफिसर, कंपनीत एक, बंदरात एक, आणि तिघांचा एकमेकांशी लेखी व्यवहार. सुरक्षेच्या पातळ्या तीन. एक म्हणजे रोजचं. दोन म्हणजे काहीतरी कानावर आलं आहे: पाहुणे बंद, बॅगा जास्त उघडायच्या, एखादं दार कमी करायचं. तीन म्हणजे धोका दारात. माझ्या सगळ्या नोकरीत दोन नंबरची पातळी बऱ्याचदा पाहिली, तीन कधी नाही. प्रवाशांना दोनची पातळी कळतही नाही, फक्त रांग का हलेना एवढंच ते कुरकुरतात.

मुंबईचं म्हणाल तर तिथं आणखी एक कारण आहे. २६ नोव्हेंबर २००८ चे दहाजण समुद्रातून आले, 'कुबेर' नावाची मच्छीमार बोट पळवून. ते उतरले ती कुलाब्याची किनारपट्टी बॅलार्ड पिअरपासून, म्हणजे क्रूझ सुटते त्या धक्क्यापासून, काही कोसांवर नाही, टॅक्सीनं गेलात तर मीटर फार पडणार नाही. बंदराच्या गेटवर सीआयएसएफचे जवान असतात आणि ते तिकीट-ओळखपत्र बघितल्याशिवाय गाडी आत सोडत नाहीत. सोडायला आलेल्या मेहुण्याला तिथंच निरोप द्यावा लागतो. पंढरपूरच्या दर्शनबारीत जसं 'आमची माणसं पुढं आहेत' म्हणून घुसता येत नाही, तसंच इथंही. ज्याच्या नावाचं तिकीट, तोच आत.

आता ओळखपत्र. इथं सोलापूरकरांचा घोळ जास्त होतो, हे मी ऑफिसातल्या अनुभवावरून सांगतो. आपल्याकडे अर्ध्या घरांत तेलुगू वळणाची नावं, आडनाव पुढं की मागं याचा पत्ता नाही. आधारवर एक, तिकिटावर एक, पासपोर्टवर तिसरंच. लग्नाआधीचं नाव आधारवर तसंच राहिलेलं. जहाजाच्या यादीत जे नाव जातं ते आणि ओळखपत्रावरचं नाव एक पाहिजे, कारण ती यादी बंदर आणि सरकारी यंत्रणांकडे आधीच गेलेली असते. काउंटरवरचं पोर ती स्वतःच्या मर्जीनं बदलू शकत नाही. तिकीट काढतानाच सहाही जणांची आधार कार्डं पुढ्यात ठेवा आणि अक्षर न् अक्षर जुळवा. पॅनकार्डावर भिस्त ठेवू नका. मुलांचंही आधार घ्या, शाळेचं ओळखपत्र पुरत नाही. आणि लक्षद्वीप आहे म्हणून आणखी एक: तिथं बाहेरच्या माणसाला, भारतीयालासुद्धा, परवाना लागतो, १९६७ पासूनचा नियम आहे. तो साधारणपणे कंपनीच काढते, पण त्यासाठी तुमची माहिती आधी मागते. तो मेल वाचायचा राहिला की पोरं किनाऱ्यावर आणि तुम्ही डेकवरून बघत.

सगळ्यात मोठी चूक, जी मी शेकड्यांनी पाहिली, ती सामान देताना होते. धक्क्यावर हमाल मोठ्या बॅगा घेतात, टॅग लावतात, त्या मशीनमधून जाऊन संध्याकाळपर्यंत तुमच्या केबिनच्या दारात येतात. त्या बॅगेत ओळखपत्र किंवा बीपीच्या गोळ्या घातल्या की संपलं. बॅग हजारो बॅगांच्या ढिगात आणि तुम्ही काउंटरवर रिकाम्या हातानं. कागद, औषधं, पोरांचे एक जोडी कपडे खांद्यावरच्या पिशवीत. गोळ्या डबीत ओतून नेऊ नका. मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.

सासऱ्यांच्या वाट्यांचं काही अवघड नाही. चौकट वाजणारच. आधीच गार्डला सांगायचं, 'दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय.' तो बाजूला घेऊन हातातल्या यंत्रानं आणि हातानं तपासेल. एक्स-रेची फिल्म कुणी बघत नाही, ती उगाच नेऊ नका. खुर्ची मागायची तर आदल्या आठवड्यात कंपनीला कळवा, त्या दिवशी मागितली तर तास जातो. खरी अडचण त्यांना लक्षद्वीपला येईल. मोठं जहाज तिथं धक्क्याला लागत नाही. बाहेर नांगर टाकतं आणि लहान बोटीत बसवून नेतात. लाटेवर बोट खाली-वर होत असते आणि त्यात पाऊल टाकायचं असतं. गार्डला शंका आली तर तो वयस्कर माणसाला थांबवतो. ते अपमान म्हणून घेऊ नका.

आता चटणी. तपासणीच्या मशीनच्या पडद्यावर धातू निळा दिसतो आणि अन्न, कपडे, साबण, कागद असल्या वस्तू नारिंगी. वस्तू पातळ असली तर फिकट, दाट असली तर गडद. स्फोटकंही याच नारिंगीत येतात. आता आपली शेंगाचटणी डोळ्यापुढं आणा. उखळात कुटलेली, तेल सुटलेली, किलोभर दाबून पिशवीत भरलेली आणि वर रबर बांधलेलं. पडद्यावर कशी दिसेल? गडद नारिंगी वीट. दुबईच्या धक्क्यावर एकदा अशी वीट आली. मशीनवरचा नेपाळी पोरगा, गोरखा पलटणीतला, पट्टा थांबवून माझ्याकडे बघायला लागला. बॅग उघडली, पिशवीला अजून हात लागला नव्हता, तोवर लसणाचा वास आला. मी म्हटलं, 'अरे, ही आमच्या गावची आहे.' तरी पट्टीनं पुसून स्वॅब घेतला, यंत्रात घातला, हिरवा दिवा लागला, मगच सोडली. नियम तो नियम. मालक नळदुर्गकडचे निघाले, त्यांनी मला त्यातली मूठभर काढून दिली. ती मी घेतली नाही असं म्हणणार नाही.

तर चटणी न्यायची असेल तर दुकानातली, सीलबंद, लेबल असलेली. कडक भाकरीचंही तेच, पाकिटातली घ्या. घरचं उघडं खाणं बऱ्याच कंपन्या चालू देत नाहीत. त्याचा सिक्युरिटीशी संबंध नाही, हजारो माणसं एका डब्यात कोंडलेली असताना पोटाचा आजार किती वेगानं पसरतो याची ती धास्ती आहे. एखादा गार्ड डोळेझाक करतो, दुसरा करत नाही, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. परदेशात मात्र खायची वस्तू जहाजावरून खाली उतरवायचीच नाही. ऑस्ट्रेलियात तर सफरचंद पिशवीत विसरलं तरी दंड होतो.

काढून घेतलेल्या वस्तूंची एक खोली असते. इंग्रजी बोलणारे प्रवासी तिला 'नॉटी रूम' म्हणतात, वर्गाबाहेर उभं केलेल्या पोरांसारखी. तुमची बॅग केबिनवर आली नाही तर समजायचं, ती तिथं आहे. दारूच्या बाटल्या तर असतातच, पण त्यांच्याहून जास्त असते इस्त्री. मग विजेची किटली, पाणी तापवायचा रॉड, एक्स्टेन्शन बोर्ड. हे आपल्या लोकांना पटत नाही. चाकू काढून घेतला तर समजतं, इस्त्रीनं काय जहाज पळवणार आहे का? नाही पळवणार. पण समुद्रात फायर ब्रिगेड येत नाही. मार्च २००६ मध्ये जमैकाजवळ स्टार प्रिन्सेस या जहाजाच्या बाल्कनीत आग लागली, न विझवलेलं सिगारेटचं थोटूक हे कारण असावं असा निष्कर्ष निघाला. बाल्कन्यांच्या प्लास्टिकच्या पडद्यांवरून ती पसरत गेली, शंभरावर केबिनचं नुकसान झालं, एक प्रवासी धुरानं मेला. थोटकानं एवढं होतं तर केबिनमध्ये गादीवर उलटी ठेवलेली इस्त्री काय करेल? काढून घेतलेल्या वस्तूची पावती मिळते, शेवटच्या दिवशी परत मिळते. भांडत बसू नका, तो वेळ जेवणात घाला.

यावरून सासूबाईंचं देवघर. निरांजन, कापूर, उदबत्ती, काडेपेटी: काही नको. हे मी नियम म्हणून सांगत नाही, घडलेलं सांगतो. सकाळी सहाच्या सुमारास ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, सहाव्या मजल्यावरच्या एका केबिनचा धूर-अलार्म वाजला. अशा वेळी आमच्या जहाजावर स्पीकरवर 'ब्राव्हो' हा संकेत देत आणि मजल्याचा आकडा सांगत, म्हणजे प्रवाशांत घबराट नको. तीन मिनिटांत आम्ही चौघं दारात. दोन फिलिपिनो पोरं हातात अग्निशामक घेऊन, मी, आणि मास्टर की घेतलेला एक. दार उघडलं तर आपल्याकडच्या एक आजी, पाटावर छोटी गणपतीची मूर्ती, कापूर पेटलेला, आरती चालू. त्या काही थांबल्या नाहीत. शेवटचं कडवं म्हटलं, ताम्हण उचललं आणि आमच्यापुढं धरलं. फिलिपिनो पोरांतल्या एकानं, मी करतो ते बघून, ज्योतीवर हात फिरवून कपाळाला लावला सुद्धा. मग मी आजींच्या हातातून ताम्हण घेतलं आणि न्हाणीत नेऊन पाणी ओतलं. आजी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. सासूबाईंना सेलवरचा दिवा, हळद-कुंकू आणि जपमाळ द्या. आणि हे निघायच्या आधी घरीच सांगा, धक्क्यावर नको.

आता वेळेचं, कारण इथं सहल खरोखर मोडते. तिकिटावर जहाज सुटायची वेळ पाचची असली तरी चेक-इन त्याच्या तास-दीड तास आधी बंद होतं. यादी पक्की करून अधिकाऱ्यांना द्यायची असते. अमेरिकेच्या बंदरातून निघताना तर ती सुटण्याच्या साठ मिनिटं आधी सरकारच्या हातात पडावी लागते. एकदा यादी गेली की उशिरा आलेल्यासाठी ती उघडत नाहीत. सोलापुरातून निघणाऱ्यांना म्हणून माझा आग्रह असतो: वंदे भारतनं जाऊ नका. ती सीएसएमटीला साडेबाराच्या पुढं पोचते, कुठं कर्जतला अडकली तर जीव टांगणीला. रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरा. सकाळी मुंबईत, स्टेशनपासून बॅलार्ड पिअर टॅक्सीनं दहा मिनिटं, मध्ये अंघोळ-नाश्त्याला वेळ. आणखी चांगलं म्हणजे आदल्या दिवशी जा.

परतीची वेळ तर त्याहून कडक. बंदरात उतरताना दारावर पाटी असते, अमुक वाजेपर्यंत सगळे परत. ती सुटण्याच्या अर्धा तास आधीची असते. इटलीत चिव्हिताव्हेक्या म्हणून रोमचं बंदर आहे, तिथून रोम रेल्वेनं तासाभरावर. संध्याकाळी सातला सुटायचं होतं. पावणेसातला पडद्यावर आकडा दोननं कमी. नावं पुकारली, केबिन बघितली, शेवटची 'टिंग' सकाळी नऊ बाराची. कॅप्टननं दहा मिनिटं थांबायची परवानगी दिली. आम्ही दोघं साक्षीदार घेऊन केबिनची तिजोरी उघडली, दोघांचे पासपोर्ट काढले, नोंद केली आणि बंदरातल्या एजंटच्या हातात दिले. ही दयाच समजायची, नाहीतर परक्या मुलखात माणूस बिनकागदाचा उरतो. दोर सुटले, जहाज धक्क्यापासून वीसेक हात गेलं, तेवढ्यात दोघं पळत आले. नवऱ्यानं, एसटीला करावा तसा, हात केला. पुढचं बंदर दोन दिवसांवर होतं, तिथवरचं विमान त्यांनी आपल्या खिशातून काढलं. कंपनीच्या सहलीनं गेलेली बस उशिरा आली तर जहाज थांबतं. तुम्ही स्वतः गाडी करून गेलात तर नाही. पैसे वाचवायला स्वतः फिरा, मी पण तेच करेन, पण घड्याळ जहाजाच्या वेळेला लावलेलं असू द्या. फोन आपोआप तिथली वेळ घेतो आणि जहाजाची वेळ वेगळी असू शकते.

परदेशातली क्रूझ घेणार असाल तर व्हिसाचा एक सापळा ध्यानात ठेवा. अथेन्सहून ग्रीक बेटांना जाणारी बरीच जहाजं मध्येच तुर्कस्तानातल्या कुशादासीला लागतात. म्हणजे शेंगेन क्षेत्राबाहेर (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) गेलात आणि परत आत आलात. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर काउंटरवरच थांबवतात, कारण परत घ्यायला ग्रीस नकार देणार आणि मग तुम्हाला सांभाळायची जबाबदारी जहाजावर पडणार. एका एजंटनं (नाव घेत नाही) आमच्याच ओळखीतल्या चौघांना असा व्हिसा काढून दिला होता. चौघं अथेन्स बघून परत आली.

मार्ग बदलणं हा तिसरा भाग, आणि इथं कुणाचाच इलाज चालत नाही. मार्च २०१५ मध्ये ट्युनिसच्या बार्डो संग्रहालयात जो हल्ला झाला, त्यात मेलेले बरेचसे त्या दिवशी क्रूझनं आलेले प्रवासी होते. त्यानंतर कंपन्यांनी ट्युनिशिया वर्षानुवर्षं टाळला. नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनच्या हुथी बंडखोरांनी गॅलेक्सी लीडर हे मालवाहू जहाज पळवलं आणि तांबडा समुद्र बंद झाल्यासारखाच झाला. दुबईचा हंगाम संपवून युरोपात परतणारी प्रवासी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली, काही तर रिकामी. तिकिटामागच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की कॅप्टन सुरक्षेसाठी बंदर गाळू शकतो. त्या बंदराचा कर परत मिळतो, बाकी काही नाही. तिथं तुम्ही परस्पर ठरवलेल्या टॅक्सीचे पैसे गेले ते गेले. विमा घेताना 'मार्ग बदल' हे शब्द त्यात आहेत का, एवढं वाचा.

चाच्यांबद्दल पोरं हमखास विचारतात, म्हणून एक सांगतो. नोव्हेंबर २००५ मध्ये सोमालियाजवळ सीबोर्न स्पिरिट या लहान प्रवासी जहाजावर दोन होड्यांतून गोळीबार झाला, रॉकेटही मारलं. जहाजावरच्या दोघांनी पाण्याचा जोरदार फवारा आणि कान फाडणारा आवाज फेकणारं यंत्र वापरून त्यांना हटवलं. त्या दोघांतला एक माजी गुरखा सैनिक होता, जखमी झाला. आमच्या धंद्यात त्या दोघांचं नाव आदरानं घेतात. २००९ च्या एप्रिलात सेशेल्सच्या बाजूला एमएससी मेलडीवर चाचे चढायला लागले तेव्हा प्रवाशांनीच वरून डेकवरच्या खुर्च्या फेकल्या. मी त्या पट्ट्यातून बऱ्याचदा गेलो आहे. रात्री डेकचे दिवे बंद, पडदे ओढलेले, प्रवाशांची एक वेगळी कवायत: काचेपासून लांब, आतल्या बोळात खाली बसायचं. मुंबई-लक्षद्वीपला हे काही करावं लागत नाही. पोरं हिरमुसतील, पण तसंच सांगा.

इतक्या कॅमेऱ्यांत आणि गार्डांत माणूस निर्धास्त होतो, तेच मला आवडत नाही. आमची सगळी यंत्रणा बाहेरच्याला आत येऊ न देण्यासाठी आहे. आत आलेल्या तीन हजारांत कोण कसा, ते मशीनला दिसत नाही. अमेरिकेनं २०१० मध्ये कायदा केला: केबिनच्या दाराला बाहेर बघायचं छिद्र, कठडा किमान ४२ इंच उंच, आणि गुन्ह्यांचे आकडे जाहीर करायचे. त्या आकड्यांत सगळ्यात जास्त तक्रारी चोरीच्या नाहीत, लैंगिक अत्याचाराच्या आहेत. कठड्यावरून पडणाऱ्यांतही दारूचा हात मोठा असतो, लाटेचा क्वचित. जहाजावर पोलीस नसतो, असतो आमच्यासारखा गार्ड. आणि भर समुद्रात कायदा बहुधा त्या देशाचा, ज्याचा झेंडा मागं लागलेला आहे: बहामास, पनामा, माल्टा. तेव्हा पोरांना रात्री जहाजभर मोकळं सोडू नका. लिफ्टमध्ये ओळख झालेल्या काकांच्या केबिनमध्ये जायचं नाही, हे घरी सांगता तसंच इथंही. बाल्कनीत खुर्ची कठड्याला लावून ठेवू नका, लहान पोर तिच्यावर चढतं. काही झालंच तर कपडे, चादर न धुता ताबडतोब सिक्युरिटीला आणि डॉक्टरला कळवा, कॅमेऱ्यांचं चित्रण काही दिवसांनी पुसलं जातं.

पहिल्या दिवशी संकटात कुठं जमायचं याची कवायत होते, सात आखूड भोंगे आणि एक लांब. कोस्टा कॉन्कॉर्डिया जानेवारी २०१२ मध्ये इटलीत खडकावर आपटून कलंडली, ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची कवायत तोवर झालीच नव्हती, कारण तेव्हा चोवीस तासांची मुभा होती. २०१५ पासून ती सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावी लागते. आजकाल अर्धी मोबाईलवर उरकते. तुमची जमायची जागा कुठली, तिथं जाऊन कार्ड दाखवून यायचं. आपले लोक त्या वेळेला बुफेत असतात. जो आला नाही त्याचं नाव आमच्या यादीत तांबडं राहतं आणि गार्ड केबिनपर्यंत येतो. तेव्हा जेवणाआधी जाऊन या. सासऱ्यांना त्या वेळी लिफ्ट आहे, खऱ्या आगीत नसेल. म्हणून जिन्यानं किती मजले पडतात, ते कवायतीच्या दिवशीच चालून बघा. तीनपेक्षा जास्त असले तर लगेच काउंटरवर सांगून ठेवा. संकटात मदत लागणाऱ्यांची वेगळी यादी असते, त्यात नाव गेलं की त्यांच्या केबिनकडे येणारी माणसं ठरलेली असतात. केबिन बुक करताना मधल्या मजल्यावरची मागा, जमायच्या जागेच्या जवळची, दीड-दोन हजार जास्त पडले तरी. आणि कार्ड गळ्यात अडकवायचा पट्टा इथूनच घेऊन जा, नव्या पेठेत वीस-तीस रुपयांना मिळतो, जहाजावरच्या दुकानात त्याचे डॉलर लागतात.